पहाटेच्या वासाचा माग

सोसायटीच्या त्या पत्रावर माझी सही सातवी होती. आधी सेक्रेटरींची, मग कमिटीतल्या चौघांची, मग तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंची आणि मग माझी. पेन चालत नव्हतं म्हणून मी ते झटकून पुन्हा सही केली. त्यामुळे घाईत केली, न वाचता केली, असं म्हणायची सोय मला नाही.

पत्र होतं आमच्या कोपऱ्यावर मासळी घेऊन बसणाऱ्या मावशींबद्दल. त्या घणसोली गावातल्या. गाव आमच्या सोसायटीपासून चालत सात-आठ मिनिटांवर. तिथे त्यांचं तीन मजली घर आहे, खाली गाळा, वर भाड्याच्या खोल्या. पोटासाठी मासे विकायची वेळ त्यांच्यावर नव्हती, पण सासूच्या काळापासूनची मासळीची पाटी त्यांना सोडवत नव्हती. रोज नऊच्या सुमाराला यायच्या, साडेबाराला उठायच्या. मी कितीतरी वर्षं त्यांच्याकडून कोळंबी आणि ओले बोंबील घेत आले. माझ्या आईच्या आजारपणात त्यांनी स्वतः निवडून दिलेले खाडीतले निवटे मला अजून आठवतात. तरीही मी सही केली.

त्याचं असं झालं. दिवाळी होऊन गेली, थंडी पडायला लागली आणि आमच्याकडे पहाटे वास यायला लागला. मी साडेपाचला उठते. उठले की आधी गॅलरीचं दार उघडते, ही जुनी सवय. त्या दिवशी दार उघडलं आणि नाकावर फटका बसावा तसं झालं. कुजलेल्या मासळीचा वास. पण नुसता नाकाशी थांबणारा नाही, घशात उतरून बसणारा. डोळे चुरचुरायला लागले. दार लावलं, खिडक्या लावल्या, तरी पडद्यांना लागून तो आत राहिलाच. सात-साडेसातला आपोआप गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग एक दिवस नाही, मग सलग तीन दिवस.

सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी तेच. ‘कुणाला वास येतोय का?’ ‘आमच्याकडे बाळ खोकतंय.’ ‘ही गटारं साफ करत नाहीत.’ मग कुणीतरी लिहिलं की कोपऱ्यावरची मासेवाली पाणी गटारात ओतते, हा त्याचाच वास. लगेच कुणीतरी पाटीचा फोटो टाकला. दोन दिवसांत ती शंका राहिली नाही, ती माहिती झाली. वास माशांचा, कोपऱ्यावर मासे, आणखी काय पाहिजे? मावशी नऊला येतात आणि वास साडेपाचला येतो, हे आमच्या चौऱ्याऐंशी घरांपैकी एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. मी तर पोस्टात एकतीस वर्षं काउंटरवर बसलेली बाई, तारीख आणि वेळ बघितल्याशिवाय कागद पुढे न सरकवणारी.

पत्र वॉर्ड ऑफिसात गेलं. आठवड्याभरात गाडी आली. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. दोन माणसं उतरली, काहीतरी बोलली. मावशींनी वाद घातला नाही. पाटीवरचं ओलं फडकं नीट केलं, सुरी कमरेच्या पिशवीत ठेवली, पाटी डोक्यावर घेतली आणि गावाच्या दिशेने चालू लागल्या. मी हातातली ओली चादर धरून आत आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे वास आला. आदल्या दिवसापेक्षा जास्त.

त्या सकाळपासून माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. स्वयंपाक करताना, पेपर वाचताना, कुणाशी बोलताना मनात एकच, की हा वास मावशींचा नव्हता. ग्रुपवर मी तसं लिहिलं. दोन जणांनी अंगठ्याचं चिन्ह टाकलं. सेक्रेटरींनी लिहिलं, ‘गटारात साचलेलं जायला वेळ लागेल, धीर धरा.’ मला धीर धरवेना. टीव्हीवर त्या दिवसांत रोज हवेच्या बातम्या असायच्या, मुंबई धुरकट दिसायची, बोलणारे लोक एकमेकांना बोलू द्यायचे नाहीत. मी चॅनल बदलत राहायची. माझ्या गॅलरीतल्या वासाबद्दल कुणी काही बोलेल, असं उगाच वाटायचं.

शेवटी मी एक वही काढली आणि त्यासाठी पाचलाच उठायला लागले. तारीख, वास कधी आला, कधी गेला, कसा होता, एवढंच लिहायचं. पोस्टातला हात, तो लगेच बसला. ‘५.२०, खूप, डोळ्यांना पाणी.’ ‘आज नाही.’ ‘५.४०, कमी, मासळी अधिक अमोनियासारखं काहीतरी.’ लिहिलं की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

घरात मात्र भांडण सुरू झालं. हे, म्हणजे माझे यजमान, एका केमिकल कंपनीत एकोणतीस वर्षं प्लान्ट ऑपरेटर होते. रस्त्यापलीकडे जो कारखान्यांचा पट्टा आहे तिथेच. रिटायर होऊनही आता बरीच वर्षं झाली. बोलायला मुळातच कमी. मी पहाटे हाक मारायची, “अहो, बघा ना जरा, आलाय वास.”

हे गॅलरीत येऊन उभे राहायचे. दोन मिनिटं तसेच. मग म्हणायचे, “नाही. मला तरी काही येत नाही.”

“काही येत नाही? माझे डोळे बघा!”

“तुला सर्दी झाली असेल.”

पहिल्यांदा मी हसण्यावारी नेलं. चौथ्या-पाचव्यांदा मला वाटलं, हे मुद्दाम करतायत. जिथलं मीठ खाल्लं तिथे बोट दाखवायला नको, म्हणून. मी तसं तोंडावर बोलले. हे आत गेले आणि दाढी करायला बसले. दोन दिवस आम्ही फक्त ‘चहा’, ‘किल्ली’, ‘दूधवाला’ एवढंच बोललो.

मग तो मंगळवार. मी भाजी घेऊन अकराच्या सुमाराला वर आले. कुलुपात किल्ली फिरवली आणि दार जेमतेम उघडलं, तोच गॅसचा वास अंगावर आला. साधासुधा नाही, घर भरलेलं. आत हॉलमध्ये हे आरामात खुर्चीत बसले होते, मांडीवर शब्दकोड्याचं पान. मला बघून उठले आणि म्हणाले, “आलीस? अंधारून आलंय बघ, लाइट लावतो.”

हात बटणापर्यंत गेला होता.

“हात लावू नका!” मी एवढ्या जोरात ओरडले की समोरच्या घरातल्या बाई बाहेर आल्या. पिशवी टाकून मी आत धावले. ओट्यावर दूध उतू गेलं होतं, ज्योत विझली होती आणि कळ पूर्ण उघडी. ती बंद केली, खिडक्या उघडल्या, ह्यांचा दंड धरून जिन्यात आणलं. आम्ही दोघं जिन्याच्या पायरीवर बसलो. ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता. कंपनीत सेफ्टीचं बक्षीस मिळालेला माणूस.

“तुम्हाला आला नाही?”

ह्यांनी मान हलवली.

“एवढा गॅस? काहीच नाही?”

“नाही.”

“कधीपासून?”

खालून कुणीतरी लिफ्टचं दार आपटलं. मग हे म्हणाले, “रिटायर व्हायच्या चार-पाच वर्षं आधीपासून कमी होत गेला. मग गेलाच.”

“आणि सांगितलं नाही?”

“कुणाला सांगणार? कंपनीत सांगितलं असतं तर प्लान्टवरून काढून गेटवर बसवलं असतं. मुलीचं शिक्षण चालू होतं. आणि तुला सांगून काय, तू टेन्शन घेतलं असतंस.”

ज्याचा राग यायला हवा होता त्याचा न येता मला वेगळ्याच गोष्टीचा आला. इतकी वर्षं मी आमटी वाढली की हे ‘छान झाली आहे’ म्हणायचे. कोळंबीचं कालवण केलं की ‘वा’. साखरभाताला केशर जास्त पडलंय का विचारलं तर ‘बरोबर आहे’. मी म्हटलं, “म्हणजे ते सगळं खोटं?”

“खोटं नाही गं. तिखट-गोड कळतं. बाकीचं मी आठवून म्हणायचो.”

समोरच्या बाईंनी पाणी आणून दिलं, ते प्यायले आणि आम्ही आत आलो.

त्या दिवशी दुपारी ह्यांनी आपणहून माझी वही मागितली. चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला लागले. मधेच विचारायचे, “हे अमोनियासारखं म्हणजे कसं? नाकात टोचतं की डोक्यात चढतं?” “पाऊस भुरभुरला त्या दिवशी लवकर गेला का?” मी आठवून सांगायची. हे दोन्ही हात डोक्यामागे घेऊन छताकडे बघायचे. इतकं लक्ष देऊन हे माझं बोलणं कधी ऐकत होते, मला आठवेना.

शेवटी म्हणाले, “मासे नाहीतच हे. अमाइन नावाचा वायू आहे. आमच्याकडेही होतं एका प्लान्टला. कुजक्या माशासारखाच वास. तो वायू बाहेर सोडायच्या आधी धुवायचा असतो. त्यासाठी टाकी असते, तिला स्क्रबर म्हणतात, तिच्यात आम्लाचं पाणी फिरतं. ते पाणी वेळेवर बदललं नाही की नुसता फिरण्याचा आवाज येतो, धुतलं काहीच जात नाही. आणि तुझ्या वेळा बघ. पाच ते सात. रात्रपाळी संपायच्या आत बॅच रिकामी करतायत कुणीतरी. पहाटे वारा डोंगराकडून खाडीकडे असतो, म्हणजे सरळ आपल्या गॅलरीत.”

“कुठली कंपनी?”

“ते इथे बसून कसं सांगू?”

तर आम्ही बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, स्वेटर घालून, मी मफलर गुंडाळून. स्टेशन ओलांडून मोठ्या रस्त्यावर आलो आणि पलीकडे कारखान्यांच्या गल्ल्यांत शिरलो. ट्रक उभे होते, कुत्री झोपली होती, एका टपरीवाल्याने स्टोव्ह पेटवायला घेतला होता. हे खिशातला रुमाल काढून वर धरायचे, तो कुठे फडफडतो ते बघायचे आणि विचारायचे, “आता?”

“येतोय.”

“इथे?”

“कमी झाला.”

“मग मागे चल. डावीकडची गल्ली.”

अशी आमची वरात. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण ह्या माणसाने ‘तुला काय वाटतं’ असं दर दहा पावलांवर कधी विचारलं नव्हतं. तीन पहाटा आम्ही तशा काढल्या. एका पहाटे वास नव्हताच, मोकळेच परत आलो, वाटेत पोहे खाल्ले. तिसऱ्या पहाटे एका गल्लीच्या टोकाला, उंच भिंतीपाशी मला एकदम उलटीची उबळ आली. मी गटाराशी वाकले. हे माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, “बास. इथेच.”

आता तक्रार लिहायची होती. सह्या हव्या होत्या, आणि त्याआधी मला गावात जायचं होतं. माफी मागितल्याशिवाय दुसऱ्या कागदावर सही करायची मला लाज वाटत होती.

मावशी ओटीवर सुकट निवडत बसल्या होत्या. गावात सगळ्यांना अगं-तुगंच. मला बघून म्हणाल्या, “ये बाय, बस.” त्यांनी पाट पुढे सरकवला.

मी लांबड लावली नाही. म्हटलं, “मावशी, त्या पत्रावर माझी सही होती.”

“ठाव हाय. हापिसान दाखवला मना कागद. चौथीपरत शिकलेली हाय मी. तुजं नाव वाचलं.” सुकटीतला खडा काढून त्यांनी बाजूला टाकला. “मी नऊला येते. पाचचा वास माजा कसा, येवडा तरी इचारायचा होता.”

“चुकलं माझं.”

“हां.”

एवढंच. ठीक आहे असं काही त्या म्हणाल्या नाहीत. मग मी त्यांना गल्ली, भिंत, अमाइन सगळं सांगितलं आणि सहीचा कागद काढला. गावालाही वास जातोच, गावातल्या सह्या आल्या तर जोर येईल, असं मी म्हटलं.

त्या हसल्या. “बाय, ह्यो वास तुला नवा हाय. आमची पोरं ह्याच वासान मोटी झाली. आमी बोलायचो तवा कोन ऐकत नव्हता.” मग जिन्याकडे हात केला. “वरचे चार खोल्यांन सगली त्याच गल्लीन कामाला जानारी मान्सं हायत. एका कागदान तू मना उटवलंस. आता दुसऱ्या कागदान माजी भाडोत्री उटवशील.”

मला वाटलं, काहीतरी उत्तर द्यावं. असं होणार नाही, फक्त टाकी दुरुस्त करायला लावणार, असं काहीतरी. पण ते मला तरी कुठे ठाऊक होतं? मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. त्यांनी चहा केला, तो प्यायले आणि आले. घरी येईपर्यंत तीनदा ठरवलं की तक्रार करायची नाही आणि तीनदा ठरवलं की करायचीच. दुसऱ्या दिवशी पहाटे वरच्या मजल्यावरचं बाळ खोकत खोकत निळं झालं, रिक्षा करून त्याला दवाखान्यात नेलं. मी तक्रार पाठवली.

प्रदूषणाच्या ऑफिसातून एक तरुण इंजिनिअर आला, दुपारी तीनला. खाडीवरून छान वारा सुटला होता. गॅलरीत उभं राहून त्याने लांब श्वास घेतला. “मॅडम, मला तरी काही येत नाही.” नेमकं हेच वाक्य मी घरात इतक्या वेळा ऐकलं होतं की मला हसू आलं, आणि मग रडूही. तो गोंधळला. बिचाऱ्याच्या हातात अजून पाच तक्रारी होत्या, त्याने सांगितलं.

तेव्हा हे पुढे झाले. त्याला बसवलं. स्वतःबद्दल सांगितलं आणि म्हणाले, “साहेब, माझं नाक गेलेलं आहे, तेव्हा मी वासाबद्दल बोलत नाही. पण पहाटे सव्वापाचला या. त्या टाकीतल्या पाण्यात आम्ल किती शिल्लक आहे एवढंच मोजा. चहा आमच्याकडे घ्या.”

ह्यांनी नाकाबद्दल परक्या माणसासमोर असं सांगितलं, ते मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आणि तो आला. खरंच आला, चार दिवसांनी, सव्वापाचला, कानटोपी घालून, बरोबर नमुन्याच्या बाटल्यांची पेटी. गल्लीच्या तोंडाशी त्याने नाकावर हात धरला तेव्हा मला विचित्र आनंद झाला. तो आत गेला. आम्ही बाहेर दीड तास उभे होतो. बाहेर आल्यावर फार बोलला नाही. ह्यांना एवढंच म्हणाला, “काका, तुम्ही म्हणालात तेच.”

पुढच्या आठवड्यात तो प्लान्ट बंद ठेवायचा आदेश निघाला, दुरुस्ती होईपर्यंत. पहाटे गॅलरीचं दार उघडलं की नुसती थंड हवा. सोसायटीत सगळे खूश. मला मात्र झोप लागेना. मी गावातून बाजाराला जायची तेव्हा खोल्यांच्या ओट्यांवर माणसं बसलेली दिसायची, भर कामाच्या वेळी. कंत्राटी माणसं ती. कुणी मोबाइल बघतोय, कुणी नुसताच. मी मान खाली घालून चालायची. मला कुणी ओळखत नव्हतं, तरी. पहिल्या आठवड्यात वाटलं, आता सुरू होईल. दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात ओट्यावरची दोन माणसं कमी झाली.

ह्यांना मी रोज विचारायची, “टाकी साफ करायला एवढा वेळ लागतो?”

“टाकीला दोन दिवस. कागदांना बाकीचे.”

“मग ह्या माणसांचा पगार?”

“कंत्राटी माणसाला कसला बसून पगार?” हे म्हणायचे आणि उठून जायचे. ह्यांनाही ते लागलं होतं.

महिन्याने प्लान्ट सुरू झाला. वास आला नाही. सोसायटीने रविवारी सभा ठेवली, ह्यांना शाल आणि नारळ द्यायचं ठरलं. सेक्रेटरींनी भाषण केलं. आपण सगळ्यांनी एकजुटीने लढा दिला, वगैरे. मग हे उठले. सभेत हे कधी बोललेले नाहीत, त्यामुळे लोक आदराने गप्प झाले. ह्यांनी शाल घडी करून टेबलावर ठेवली.

“वास कोपऱ्यावरच्या बाईंचा नव्हता, हे आता सिद्ध झालं. मग आधी त्यांना परत बसायला सांगा. त्याशिवाय मी हे घेणार नाही.”

सेक्रेटरी म्हणाले, “काका, तो विषय वेगळा आहे. फेरीवाल्यांचं धोरण असतं, फुटपाथ—”

“त्या पत्रात फुटपाथ नव्हता,” मी बसल्या जागेवरून म्हटलं. मग उभी राहिले, कारण बसून बोललेलं कुणी धरत नाही. “पत्रात दुर्गंधी लिहिलं होतं. मी वाचून सही केली होती. ती मी मागे घेते. वॉर्ड ऑफिसला तसं लिहून देते. अजून कुणाला द्यायचंय?”

मागे कुजबुज झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “माझंही नाव घ्या.” मग आणखी दोघं. सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं आणि पार्किंगचा विषय घेतला. पुढचा तासभर सगळे पार्किंगवर इतक्या जोरात भांडले की नारळ टेबलावरच राहिला, तो नंतर वॉचमनने नेला.

आमच्या चौघांच्या पत्राला वॉर्ड ऑफिसातून काही उत्तर आलं नाही, पण मी चौकशीला गेले तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, बसू दे त्यांना, तुमची तक्रार नसेल तर आम्ही कशाला उठवू. मी तशीच गावात गेले. मावशींना सांगितलं. वाटलं, आनंद होईल.

त्या म्हणाल्या, “आता नाय बसनार.”

“का? आता कुणी काही म्हणणार नाही.”

“परत कदी म्हनतील. तुमचा काय, सकालचा एक, सांजंचा एक. तुला मासली होवी तं घरा ये, घेऊन जा.”

“आणि भाडोत्री?”

“दोगं आले परत. दोगं गेले ते गेले. मुलकाला गेले.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तू वाईट नको वाटून घेव. टाकी त्यांनी धुवाची होती, ती तू नव्हती धुवाची.” मला त्या वाक्याने बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. गेले त्यातला एक बायको आणि लहान मुलगी घेऊन राहत होता, हे मला त्याच दिवशी कळलं. त्यांच्या खोलीच्या दाराला मावशींनी नवा रंग दिला होता.

ह्यांना मी नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दुर्बीण घालून बघितलं, निरनिराळ्या बाटल्या नाकाशी धरल्या. एका बाटलीला हे म्हणाले, “काहीतरी आहे.” डॉक्टर म्हणाले की ती रिकामी होती. मग समजावून सांगितलं की इतक्या वर्षांनी परत यायची आशा धरू नका, घरात गॅसचा अलार्म बसवून घ्या. आम्ही अलार्म घेतला. ह्यांनी तो स्वतःच बसवला, स्टुलावर चढून.

परतताना बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, “आपल्या गॅलरीत दोन तास येत होता तर एवढं झालं. आत आठ-आठ तास आहेत त्यांचं काय?”

मला हे सुचलंच नव्हतं. वहीची पानं भरली, सह्या जमवल्या, सभा झाल्या आणि त्या भिंतीच्या आतल्या माणसांचा विचार मी केला तो फक्त त्यांचा पगार बुडाला तेव्हा.

तेव्हापासून ह्यांचं एक नवं सुरू झालंय. आठवड्यातून दोनदा तरी पहाटे त्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन टपरीवर बसतात. रात्रपाळी सुटते तेव्हा माणसं चहाला थांबतात. हे त्यांच्याशी बोलतात. मास्क देतात का, त्यातलं हवा गाळायचं काडतूस कधी बदललं, घाम येतो म्हणून काढून ठेवता का. पहिल्यांदा लोकांना वाटलं, हा म्हातारा कंपनीचा माणूस असेल. आता ‘काका आले’ म्हणतात. मीही अधूनमधून बरोबर जाते. घरी बसून राहवत नाही हेही खरं.

गेल्या गुरुवारी एक पस्तिशीचा माणूस होता, लातूरकडचा. हातात कटिंग चहा. हे त्याला सांगत होते, “रोज सकाळी चहा पिण्याआधी त्याचा वास घ्यायचा. त्यात आलं आहे की वेलची, ते कळायला पाहिजे. ज्या दिवशी कळणार नाही त्या दिवशी सुपरवायझरला सांगायचं. लपवायचं नाही.”

त्या माणसाने ग्लास नाकाशी नेला. मग हलकेच म्हणाला, “काका, मला तर दोन वर्षं झाली, वासच येत नाही.”

“घरी सांगितलंस?”

“नाही.”

मी शेजारीच उभी होते. पलीकडे कंपनीची बस आली, दिवसपाळीची माणसं उतरायला लागली, रात्रपाळीची चढायला लागली. तो चढला नाही. ह्यांनी टपरीवाल्याला आणखी दोन चहा सांगितले आणि त्याला बाकावर जागा करून दिली.